बघून ये, मग बोलू

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा समितीने विषयही सुचवले होते: शाळेची जडणघडण, तेव्हाचे शिक्षकवृंद, आजची वाटचाल. शिक्षकवृंदाबद्दल मला आदर आहे, पण लिहायला बसलो की पेन एकाच माणसाकडे वळतं. आमच्या १९७९च्या दहावीच्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की सर भूगोल शिकवायचे, सायकलच्या कॅरिअरला कायम सुतळीचा गुंडा बांधलेला असायचा, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "बघून ये, मग बोलू." बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीत त्यांनी प्रत्येकाला एक छंदवही करायला लावली. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली. तीत काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी काडेपेट्यांचे छाप चिकटवले, कुणी तिकिटं, कुणी पक्ष्यांची पिसं. माझ्या वहीत कृष्णेच्या पाण्याची पातळी होती. वाईच्या गणपती घाटाची कुठली पायरी कुठल्या दिवशी बुडाली, एवढंच. घरच्यांना ते खूळ वाटलं. सोमवारी पहिल्या तासाला सर दोघा-तिघांच्या वह्या वाचून घेत. चांगलं-वाईट असा शेरा कधीच नाही, फक्त प्रश्न. "ढोल्या गणपतीच्या पायापर्यंत पाणी आलं होतं म्हणतोस. कुणी सांगितलं? तू होतास?"

वाचनाचंही तेच. वर्गाच्या कोपऱ्यात त्यांची स्वतःची पत्र्याची ट्रंक होती. रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली पुस्तकं, 'चांदोबा'चे आणि 'किशोर'चे सुटे अंक, प्रवासवर्णनं, आणि शिकारकथा तर असंख्य. पुस्तक न्यायला चिठ्ठी नाही, सही नाही. परत करताना मात्र वाचलेल्यातली एक शंका जमा करायची. शंका नाही तर दुसरं पुस्तक नाही. त्याच सुमारास, १९७६ साली, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे विश्वकोशाचं काम आपल्या वाईत चालायचं, ही गोष्ट आम्हाला तोवर गंगापुरीतल्या एका पाटीइतकीच ठाऊक होती. सरांनी कुठून तरी खंड मिळवून वर्गात आणला आणि जमलेल्या शंका त्यात शोधायला बसवलं. त्या खंडाची मजल 'आ'च्या पलीकडे नव्हती, त्यामुळे अगस्ती, अणू, अफगाणिस्तान असल्याच शंका सुटायच्या. वाघाबद्दलची शंका असलेल्या पोराला सर म्हणाले, "थांब, 'व' यायला तुझं लग्न होईल." अंदाज फार चुकला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या मैदानावर आट्यापाट्या. सर स्वतः फक्कीने पाट्या आखायचे, नऊच्या नऊ, आणि मधून सूरपाटी. विटीदांडू नदीकाठी आमचा आम्ही खेळायचो, "वकट, लेंड, मूंड, नाल"वरून भांडणंही व्हायची. पण आट्यापाट्यांत सरांपुढे कुणाची हूल चालत नसे. धिप्पाड माणूस, सूरपाटीवर उभा राहिला की पलीकडचं मैदानच दिसेना!

आणि रविवार. रविवार म्हणजे सायकली. पांडवगड, वैराटगड, धोमचं नृसिंहाचं देऊळ, मेणवली. मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा आमच्यातल्या सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली होती, म्हणजे पाहिली होती असं आम्हाला वाटत होतं. एका सोमवारी सरांनी विचारलं, घंटेवर काय आहे? कुणी म्हणालं ओम, कुणी म्हणालं नाना फडणवीसांचं नाव. "बघून या." पुढच्या रविवारी आम्ही घंटेला नाक लावून उभे. एक बाई, हातात मूल. आमच्यातला एक जण देवीच म्हणून पाया पडला. खाली १७०७. मग सरांनी वसईची मोहीम सांगितली, १७३९ची. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांचा पाडाव केल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा इकडे कशा आल्या, भीमाशंकरला आणि नाशकात नारोशंकराच्या देवळातही तशा कशा आहेत. ती बाई म्हणजे मेरी. पाया पडलेल्याने विचारलं, "सर, मग नमस्कार चालेल ना?" सर म्हणाले, "आई आहे की. चालेल."

पण मला खरं सांगायचंय ते कमळगडाचं. या गडाला तट-बुरुज म्हणावं असं काही नाही. वर जमिनीत एक चीर उघडते आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या खाली उतरतात, ती कावेची विहीर. आम्ही नांदगण्याकडून चढलो होतो. गोरखनाथाच्या देवळाशी डबे सोडले. त्या वेळी मुलींना सहलीला सहसा नेत नसत. सरांनी हिंदीच्या बाईंना गळ घातली आणि आमच्या वर्गातल्या काही मुली प्रथमच गडावर आल्या. वर पोचल्यावर सर म्हणाले, पायऱ्या मोजा. बस, एवढंच.

आम्ही धावत उतरलो. खाली गारठा, भिंती लालभडक, हात लावला की तळवे गेरूने माखायचे. वर येऊन आकडे सांगितले, तर दोघांचे जुळेनात. पुन्हा उतरलो, आकडे आणखी फाटले. भांडण पेटलं. एक म्हणे, तोंडाशी आहे तो नुसता दगड, पायरी नव्हे. दुसरा म्हणे, मग तळाची झिजलेली कशी धरलीस? सर सावलीत बसून शांतपणे पेरू खात होते. इतक्यात एका मुलीने परकराच्या ओच्यातून चिंचोके काढले. चिंचोके खेळण्यात ती सगळ्या वर्गाला पुरून उरायची. उतरताना दर पायरीवर एक चिंचोका ठेवत गेली, येताना वेचत आली. संशयाची पायरी आली की तिथे दोन ठेवले आणि ते वेगळ्या मुठीत धरले. वर येऊन तिने दोन आकडे सांगितले: नक्कीच्या इतक्या, वादाच्या इतक्या. सरांनी पेरू खाली ठेवला. मी त्यांना एवढं खूश झालेलं आधी पाहिलं नव्हतं, नंतर क्वचितच. सोमवारी फळ्यावर तिचेच दोन आकडे लिहिले गेले. आम्हा मुलांचे आकडे पुसून टाकले.

ते आकडे मी इथे लिहीत नाही. सरांना चाललं नसतं.

मी पुढे पुण्यात एका कारखान्यात गुणवत्ता विभागात लागलो आणि त्याच विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. नक्कीचे आणि वादाचे असे दोन रकाने मी आयुष्यभर वापरले. जर्मनीहून आलेल्या तपासणीसांनी त्याचं कौतुक केलं, तेव्हा चिंचोक्यांना जर्मन भाषेत काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. साठी ओलांडल्यावर हिमाचलात सार पासला जाऊन आलो, हे थोडं मिरवण्यासाठी सांगतोय. छंदवहीची सवय सुटलेली नाही. आता तीत सोसायटीच्या बोअरची पातळी असते, आणि सेक्रेटरी माझ्यावर वैतागलेले असतात.

मागच्या दिवाळीत शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष थंडगार आहे. पण ती नेमकी आट्यापाट्यांच्या जागेवर उभी राहिलीय, हे पाहून मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. ग्रंथालयाला कुलूप होतं. रविवारी मुलं काय करतात विचारलं, तर म्हणे क्लास. किल्ले? "पाहिलेत की काका, ड्रोनचे व्हिडिओ आहेत." मेणवलीही आता सिनेमावाल्यांमुळे सगळ्यांना ठाऊक झालीय. लोक नाना फडणवीसांच्या वाड्यात फोटो काढतात आणि घंटेखालून तसेच निघून जातात. मुलांना दोष नाही, त्यांना कुणी "बघून ये" म्हणत नाही, इतकंच. सर निवृत्त झाले त्या दिवशी ट्रंक शाळेला देऊन गेले होते. ती कुठे आहे हे विचारलं, शोधू म्हणाले. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला माहीत असेल तर समितीला कळवा. आमच्या छंदवह्याही तीतच होत्या.

आमच्या तुकडीने ठरवलंय ते सांगतो. मुख्य समारंभ शनिवारी आहे. रविवारी सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून कमळगडाला दोन गाड्या निघतील. आठवी-नववीच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी घरची चिठ्ठी, भाकरी, दोन बाटल्या पाणी आणि टॉर्च आणावा. चढ दमवतो, जंगलात शेवाळ असतं, तेव्हा बूट जुने पण पकडीचे हवेत. चिंचोके आम्ही आणू. चिंचोकेवाली बाईही येणार आहे, आता आजी झालीय आणि आकडे अजून सांगत नाही.