शिबुया ते कावासाकी: भाचीच्या यादीतली आणि यादीबाहेरची जपानी गाणी

तोक्योत निशी-कासाईहून शिबुयाला जायचं तर ओतेमाचीला गाडी बदलणं सोयीचं. पण भाचीला ताकादानोबाबालाच उतरायचं होतं, कारण तिथल्या यामानोते लाइनच्या फलाटावर गाडी सुटताना 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ची धून वाजते. त्याचे चित्रकथाकार ओसामु तेझुका यांची कंपनी याच भागातली, आणि गोष्टीतल्या त्या यंत्रमुलाचा जन्मही इथलाच, ७ एप्रिल २००३चा. धून संपते न संपते तोच दारं लागतात. आम्ही ती नीट ऐकायला मुद्दाम एक गाडी सोडली. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तेही थांबले. का, ते देव जाणे.

भाची दहावी संपवून आलेली. फोनमध्ये जपानी गाण्यांची भलीमोठी यादी आणि त्यातली बहुतेक अ‍ॅनिमेतली, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधली: लिसाचं 'गुरेंगे', रॅडविम्प्सचं 'झेनझेनझेन्से', योआसोबीचं 'आयडॉल'. यात वाईट काहीच नाही. आपल्याकडची पोरं जपानी गाण्यांकडे येतात ती याच वाटेने. मकोतो शिंकाईंचा अ‍ॅनिमे चित्रपट 'वेदरिंग विथ यू' २०१९ मध्ये भारतात लागला तोही इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्यावर. माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेच्या सुरुवातीला गाण्याला मिळतो दीड मिनिट. तेवढ्यात माणूस खिळला पाहिजे, म्हणून सगळा दारूगोळा त्या तुकड्यात ठासलेला असतो. तेवढंच ऐकत राहिलं की जपानी गाणं म्हणजे कायम धावपळ असं वाटायला लागतं. मला तिला थोडी चालणारी, थोडी बसलेली गाणीही ऐकवायची होती.

शिबुयाचं टॉवर रेकॉर्ड्स त्यासाठी उत्तम. पिवळ्या रंगाचं, मजल्यावर मजले चढवलेलं हे दुकान १९९५ पासून आत्ताच्या इमारतीत आहे. अमेरिकेतली मूळ कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद पडली, पण जपानमधली आधीच वेगळी झाली होती, म्हणून तरली. सीडी इथे अजून खपते. अल्बम तीन हजार येनच्या पुढे, म्हणजे भाचीच्या हिशेबात 'मावशी, यात दोन महिन्यांचा पॉकेटमनी गेला'. पण ऐकायला पैसे पडत नाहीत. रॅकजवळ हेडफोन टांगलेले असतात आणि प्रत्येक अल्बमखाली दुकानातल्या कुणीतरी हाताने लिहिलेलं कार्ड. रंगीत पेनांनी, बारीक अक्षरात, कडेला छोटी चित्रं काढून. एका कार्डावर लिहिणाऱ्याने अर्ध्यात जागा संपल्यामुळे उरलेली ओळ उभी लिहिली होती. कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप धरलं की कळतं, ही जाहिरात नाही, कुणाचं तरी खरंखुरं वेड आहे.

तिथे तिने आयम्योनचं 'मारीगोल्ड' पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. २०१८चं गाणं. मध्यम लय, गिटार, उन्हाळा, आणि गळा जरासा जाड, अजिबात गोडगोड न केलेला. जपानी पॉप ज्यांना फार चकचकीत वाटतं त्यांनी इथून सुरुवात करावी. वरच्या मजल्यावर व्हायनल तबकड्या आहेत. तिथे मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' (१९८४) आणि मिकी मात्सुबाराचं 'मायोनाका नो दोआ' (१९७९) यांच्यासमोर विशीतल्या परदेशी पोरांचा घोळका. मात्सुबारा २००४ मध्ये गेली. गाणं जगभर पसरलं ते २०२० मध्ये. सिटी पॉपबद्दल, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या या शहरी जपानी पॉपबद्दल, इतकं लिहून झालंय की मी जास्त काही बोलत नाही. ही दोन ऐका, आवडली तर पुढची आपोआप सापडतील.

खरी निवड मात्र कराओकेत झाली. आम्ही माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो, निशी-कासाईत. एदोगावा वॉर्डातला हा भाग तोक्योतला भारतीयांचा अड्डा. इथूनच योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. वहिनी म्हणाली, दुपारी जा, दुपारी खोली स्वस्त पडते. गेलो. तासावर भाडं, छोटीशी खोली, दोन माइक, एक खंजिरी, आणि गाणी शोधायला एक टॅब्लेट. भिंतीपलीकडे शाळेच्या गणवेशातल्या मुली किंचाळत होत्या. दर दोन गाण्यांनी त्यांचं एकच गाणं परत यायचं. वहिनीने कान देऊन सांगितलं: स्पिट्झचं 'चेरी'. १९९६चं! त्या मुलींच्या आयांच्या तरुणपणातलं. जपानी मुलं आज काय ऐकतात ते चार्टवर कळतं, पण काय गातात ते भिंतीपलीकडून कळतं, आणि माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त. 'चेरी' गिटार शिकणाऱ्यांनाही सोपं आहे. भाचीने ते तिथल्या तिथे यादीत टाकलं.

मराठी मुलांना एक फायदा आहे, तो सांगून ठेवते. जपानी अक्षरमाला अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. हा क्रम बौद्ध पंडितांमार्फत आपल्याच वर्णमालेच्या वळणावर गेलेला. जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या शेवटी स्वर असतो. त्यामुळे जपानी गाणं देवनागरीत लिहून घेतलं तर ते फार नीट बसतं, रोमनपेक्षा कितीतरी नीट. भाचीने 'चेरी'चं कडवं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि कराओकेच्या यंत्राने तिला ऐंशीच्या वर गुण दिले. मला दिले ते सांगत नाही. यंत्र दशांशात गुण देतं, आवाज कुठे थरथरला तेही मोजतं, ही जरा अतीच शिस्त आहे.

योआसोबीचं 'योरु नि काकेरु' तिला पाठ होतं. २०१९च्या डिसेंबरात आलेलं आणि पुढच्या वर्षी बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं. उड्या मारणारी चाल, पियानो नुसता पळतो. पण हे जोडपथक लघुकथांवरून गाणी करतं, आणि या गाण्याची मूळ कथा आत्महत्येची आहे. भाचीला हे माहीत नव्हतं. दोघींनी त्यावर बऱ्यापैकी बोलून घेतलं, खंजिरी बाजूला ठेवून. सोळाव्या वर्षी ऐकायला माझी हरकत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला लावून देणार असाल तर आधी हे माहीत असू द्या, एवढंच. चाल आनंदी म्हणजे गाणं आनंदी, हा हिशेब जपानी पॉपमध्ये चालत नाही.

लहानांसाठी 'पापुरिका' आहे ना! केन्शी योनेझुने लिहिलेलं, फूरिन नावाच्या पाच मुलांच्या गटाने २०१८ मध्ये गायलेलं, एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने २०२०च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने आणलेलं. २०१९ मध्ये त्याला जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळालं. मावसभावाची धाकटी, सात वर्षांची, शाळेत शिकलेला त्याचा नाच करून दाखवते: हात वर, बोटं पसरून, एका पायावर उडी. जेवणाच्या टेबलापाशी करते, त्यामुळे वरणाच्या वाटीचं एकदा जे व्हायचं ते झालं. त्याच योनेझुचं 'लेमन' (२०१८) मोठ्यांसाठी. ते गाणं तयार होत असताना त्याचे आजोबा वारले आणि ते दुःख गाण्यात उतरलं. दोन्ही गाणी एकाच्या हातची आहेत हे भाचीला पटेना. तिने दोनदा तपासलं.

तोक्योतलंच शिमोकिताझावा पटकन सांगते, कारण तिथे पाय जास्त दुखले. जुने कपडे, कॉफी आणि तळघरातले लाइव्ह हाउस, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या जागा, यांचं हे गाव. 'शेल्टर' हे त्यातलं प्रसिद्ध, १९९१ पासूनचं. २०२२च्या 'बोच्ची द रॉक!' या अ‍ॅनिमे मालिकेतलं लाइव्ह हाउस त्याच्यावरून काढलंय, म्हणून दारात फोटो काढणाऱ्यांची रांग असते. मालिकेतल्या केस्सोकु बँडचं 'सेइशुन कॉम्प्लेक्स' जरूर ऐका, लाजाळू मुलांनी तर नक्कीच. तिकिटाव्यतिरिक्त पाच-सहाशे येन एका पेयाचे द्यावेच लागतात, ते धरून चला. आणि कानात घालायला बोळे न्या. तळघर लहान, स्पीकर मोठे.

फुजी काझेचं नाव मात्र मी सांगितलं आणि ते भाचीला माहीत होतं, पण भलत्याच कारणाने. 'शिनु नो गा ई वा'चा तुकडा तिने २०२२ मध्ये रील्सवर ऐकला होता, गायक कोण हे न कळता. हा ओकायामा प्रांतातल्या सातोशो गावचा मुलगा. पहिल्या अल्बमचं नाव 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर', म्हणजे सत्यसाईबाबांचं वचन. 'ग्रेस'चा व्हिडिओ तर भारतातच चित्रित केलेला. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून आणि तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं, तोच हा ओकायामा. पुणेकर पोरांनी एक दिवस हेडफोन घालून त्या तळ्याभोवती 'मात्सुरी' ऐकत फिरून पाहावं. रखवालदार शिट्टी मारेल, हिरवळीवर पाय ठेवू नका.

परतायच्या आधी एका दुपारी शिनागावाहून केइक्यू लाइनने कावासाकीला गेलो. गायक क्यू साकामोतो या गावचा. त्याचं 'उए ओ मुइते आरुकोओ' इथल्या केइक्यू स्टेशनात गाडी येताना वाजतं. १९६१चं गाणं. दोन वर्षांनी अमेरिकेत 'सुकियाकी' (हा एक जपानी पदार्थ) अशा निरर्थक नावाने गेलं आणि जून १९६३ मध्ये तीन आठवडे तिथल्या यादीत पहिलं राहिलं. रोकुसुके एई यांनी शब्द लिहिले ते अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धचं आंदोलन फसल्याच्या निराशेतून, आणि ते गाजले त्याच अमेरिकेत. साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ला जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेला. हे सगळं मी फलाटावर सांगत होते तेवढ्यात धून वाजली आणि भाची शिट्टीवर ती सुरात पुरी करू लागली. चाल इतकी सरळ आहे की एकदा ऐकली की येते. हे गाणं यादीत पहिलं ठेवायचं की शेवटी, यावर आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते शेवटी, कारण जुनं आहे. मी म्हणते पहिलं.