गाविलगडावरची तळी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून असेल कदाचित, पण चिखलदऱ्याला गेलं की लोक पॉइंट पाहतात, कॉफी पितात आणि मी तळी शोधत फिरते.

यंदा डिसेंबरात परतवाड्याचे मामा सोबत होते. साठी उलटली, तरी चढावर माझ्यापुढेच. गड चिखलदऱ्याला लागूनच आहे, चढ जिवावर येणारा नाही. दरवाज्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, कोरलाय, तो मान वर करून पाहायचा आणि आत शिरायचं. आत साग, बोरी, माणसाएवढं वाळलेलं गवत आणि ढासळलेल्या भिंती.

मछली तलावाशी पोचलो तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. काठच्या चिखलात म्हशींच्या खुरांचे ठसे, एकेका ठशात वाटीभर पाणी, त्यावर पाय पसरून सरकणारे किडे. बांधाच्या घडीव दगडांतून गवत फुटलेलं. जरा पलीकडे अस्वलाची विष्ठा होती, बोराच्या आठोळ्यांनी भरलेली. मामांनी काडीनं उकरून पाहिलं. "रातचीच हाये. चाल, उघड्यावर बसू." मग तिथून दूर, चांगल्या मोकळ्या दगडावर शिदोरी सोडली. चून-भाकर, ठेचा, कांद्याची पात.

"पानी हाये म्हून गड हाये, बाई. नाई तं नुस्ते दगडं," मामा म्हणाले. खरं आहे. १८०३ साली इंग्रजांनी उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूनं तोफा ओढत आणल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा हा गड तहानेनं नाही, भिंत फुटून गेला. देव तलावही पाहिला, पण मन मछली तलावावरच अडकलं होतं.

उतरताना देवी पॉइंटला गेलो. कपारीतल्या देवळात वरून पाणी ठिबकत असतं. काळ्या दगडाच्या भेगांत मुरलेला पाऊस इथे कड्याशी बाहेर येतो. इथूनच चंद्रभागा निघते आणि खाली दर्यापूरला जाते. आमची नदी! उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू आणि बाभळी तेवढ्या दिसतात. आमच्या नळाला येतं ते शहानूर धरणाचं पाणी, तेही याच डोंगरातलं.

बाहेर एक कोरकू आदिवासी बाई बोरं विकत बसली होती. हिंदी-मराठी मिसळून बोलत होती. मी पाण्याचं कौतुक सुरू केलं, तर म्हणाली, तिच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मला पटकन उमजेना. पाऊस तर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण उतारावरून तो धो धो खाली जातो. गडावर कुणीतरी बांध घातले म्हणून तिथे थांबला. किल्ल्यासाठी जे जमलं ते पाड्यांसाठी का जमू नये, हे मी मामांना विचारलं. ते बोरं निवडत होते, किडकी बाजूला काढत.

बाईनं माप भरता भरता विचारलं, तुमच्याकडं नळ आहे ना? मला हो म्हणावं लागलं.