चैत्रगौरीची आरास : कागद, पुठ्ठा आणि दोरा

गुढीपाडवा झाला की दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, तिथेच असते. त्यामुळे तिची आरास एका दिवसाच्या समारंभापुरती करून भागत नाही. या दिवसांत सकाळी माळलेला गजरा संध्याकाळी मलूल होतो, झेंडूच्या माळा पाहता पाहता काळवंडतात, आणि हळदीकुंकू तर महिन्यातल्या कोणत्याही सोयीच्या मंगळवारी किंवा शुक्रवारी ठरते. म्हणून ताजे फूल रोज गौरीला वाहण्यापुरते आणायचे व बाकीची सारी आरास कागद, पुठ्ठा आणि दोरा यांतून करायची, असा रिवाज मी माझ्या घरी पाडला आहे.

स्वस्त साहित्याची आरास स्वस्त दिसते ती बहुतेक वेळा चकाकीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. चमकी, जिलेटीन कागद, सोनेरी टिकल्या आणि सात-आठ भडक रंग एके ठिकाणी आले की इतक्या गर्दीत गौरच दिसेनाशी होते. रंग मोजके घ्यावेत आणि ते चैत्राकडूनच घ्यावेत : आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस, कैरीचा हिरवा, मोगऱ्याचा पांढरा आणि हवा असल्यास एक झेंडूचा केशरी. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नये. सजावटीसाठी त्याच्या वापरावर राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली आहे, आणि वाणसामानाच्या खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा त्याहून मजबूत असून फुकट मिळतो. कार्डशीट, क्रेप कागद आणि जाड दोरा पुण्यात आप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात मिळतात. एका घराच्या आरासीपुरते हवे असतील तर शाळेजवळचे स्टेशनरीचे दुकानही पुरते.

सर्वांत जास्त वेळ झोपाळ्याला द्यावा, कारण गौरीची पितळी मूर्ती दिसते लहान, पण तिचे वजन बऱ्यापैकी असते. साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असे पन्हळी पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापावेत आणि मधल्या तुकड्याच्या पन्हळी आडव्या व वरच्या-खालच्या तुकड्यांच्या उभ्या येतील असे ते एकमेकांवर चिकटवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत; मग ती पाटी सहसा वाकत नाही. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र दोऱ्या बांधल्या तर त्यांची लांबी जुळवता जुळवता जीव मेटाकुटीला येतो. त्याऐवजी दोनच लांब दोऱ्या घ्याव्यात. डावीकडची दोरी पुढच्या भोकातून खाली न्यावी, पाटीखालून मागे घ्यावी आणि मागच्या भोकातून वर काढावी. उजवीकडेही तसेच करावे. आता पाटी पुढे-मागे कलली तर दोरी थोडी सरकवली की ती सपाट होते. मूर्ती बसवून तोल पाहावा आणि त्यानंतरच पाटीखाली दोरीवर गोंदाचे थेंब टाकून ती पक्की करावी. एका बाजूने उघडे असलेले मोठे खोके हेच मखर समजावे. त्याच्या वरच्या भागात समोरासमोर भोके पाडून त्यांतून जुने लाटणे आडवे घातले की झोपाळा टांगायची सोय होते. लाटण्याला खणाच्या कापडाची पट्टी गुंडाळली तर ते लाटणे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांची नजर किती बारीक असते हे मी वेगळे सांगायला नको.

तोरणाची पाने १५ सेंटिमीटर लांबीची, निमुळत्या टोकाची कापावीत; काही गडद हिरवी, काही पोपटी आणि मधूनमधून दोन-तीन तांबूस. शाई संपलेल्या बॉलपेनने पानावर शिरा दाबून काढल्या आणि मधल्या शिरेवर पान हलकेच दुमडले की सपाट कागदाला पानाचा डौल येतो. या तांबूस पानांवाचून तोरण वर्षभर कोणत्याही सणाला चालेल असे दिसते. ती आली की चैत्र दिसतो.

क्रेप कागदाच्या सुरकुत्या एकाच दिशेने असतात आणि कागद ताणला जातो तो त्यांच्या आडव्या दिशेने. मोगऱ्याची पाकळी कापताना सुरकुत्या तिच्या लांबीच्या बाजूने ठेवाव्यात, म्हणजे मधोमध अंगठ्याने ताणताच तिला खोलगट आकार येतो. झेंडूसाठी हातभर लांब पट्टीची एक कड कातरून झिरमिळ्या कराव्यात, पट्टी गुंडाळावी आणि देठाशी दोऱ्याने बांधावी. गोंद लावू नये. मात्र रंगीत क्रेप ओला झाला की रंग सोडतो. तेव्हा केशरी फुले पन्ह्याच्या भांड्यांपासून आणि विशेषतः गुलाबदाणीपासून दूर असावीत, नाहीतर पाहुणीच्या साडीवर डाग पडायचा.

अंगण नसलेल्या घरात चैत्रांगण पुठ्ठ्यावर काढता येते. गेरूत थोडा गोंद मिसळून पुठ्ठा सारवावा, कारण नुसता गेरू वाळला की हाताला लागतो. मग पांढऱ्या पोस्टर रंगाने गोपद्मे, शंख, चक्र, गदा, सूर्य, चंद्र, कासव, तुळशीवृंदावन, फणी आणि करंडा काढावा. आकृत्या हातानेच काढाव्यात, वेड्यावाकड्या आल्या तरी चालेल. छापाने उमटवलेले चैत्रांगण मला निर्जीव वाटते.

पायऱ्यांना रिकामी खोकी आणि त्यांवर जुनी सुती साडी पुरेशी आहे. त्यांच्या सांध्यांना आणि मखराच्या कागदाला मैद्याची खळ उत्तम : कपभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न होऊ देता कालवून, पारदर्शक दिसेपर्यंत मंद आचेवर ढवळावा. उन्हाळ्यात ती लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तक बांधणारे तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण ते विषारी असल्यामुळे मुलाबाळांच्या घरात टाळलेले बरे. अक्षय्य तृतीयेनंतर खळीने चिकटवलेले मखर आणि पायऱ्यांची खोकी रद्दीत द्यावीत, कारण खळीवर झुरळे येतात. दोऱ्याने बांधलेली फुले, तोरण आणि झोपाळ्याची पाटी तेवढी कोरड्या डब्यात पुढच्या चैत्रासाठी ठेवावी.