डावीकडचे स्कूल, उजवीकडचे स्कूल

आठवीत इंग्रजीच्या तासाला धड्यात 'अ स्कूल ऑफ फिश' आले आणि सरांनी नेमके मला उभे केले. मी ठणकावून सांगितले, "माशांची शाळा!" वर्ग खिदळला. मागच्या बाकावरून आवाज आला, "हेडमास्तर कोण रे, मोरी?" (मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क मासा.)

सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'स्कूल' दोनदा लिहिले आणि मधोमध रेघ मारली. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण म्हणाले, हे सख्खे सोडा, चुलत भाऊसुद्धा नव्हेत. उजवीकडचे आले डच भाषेतून. तिथे त्या शब्दाचा अर्थ जमाव, टोळी. माशांच्या थव्याला इंग्रज 'शोल'ही म्हणतात, तो ह्याचा भाऊबंद. डच म्हणजे वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेले वलंदेज, हे ऐकल्यावर आम्ही जरा सावरून बसलो. कुठल्या कुठे हॉलंड, पण वखारीचे पडके अवशेष आमच्यातल्या काहींनी पाहिले होते.

डावीकडचे ग्रीक. मूळ शब्द 'स्खोले', अर्थ सवड. पोटापाण्याच्या कामातून मोकळा झालेला माणूस चार जणांत बसून बोलतो, ती चर्चाही स्खोले. मग जिथे बसतो ती जागाही. लॅटिनमध्ये त्याचे 'स्कोला' झाले आणि तिथून इंग्रजीत स्कूल. स्कॉलरशिपही ह्याच घरातली. चौथीच्या स्कॉलरशिपने माझी झोप उडवली होती, तिचे मूळ रिकामपणात निघावे! आपली 'शाळा' वेगळीच. संस्कृतात शाला म्हणजे घर, दालन. गोशाळेत गुरे, धर्मशाळेत वाटसरू, टांकसाळीत नाणी. शिकायची ती पाठशाळा, तिचा 'पाठ' गळाला आणि शाळा उरली. ("त्याने माझी शाळा केली" ही हल्लीच्या पोरांची भर. सरांना ती आवडली असती, असे वाटते.)

सवड हा अर्थ ऐकून वर्ग पुन्हा हसला. गणिताचे पाढे, छडी, आणि म्हणे सवड! मी मात्र हसलो नाही.

आमच्या घरी रापण होती. पहाटे बाबा किनाऱ्यावर उभे राहून पाण्याचा रंग बघायचे. थवा दिसला की होडी अर्धवर्तुळात जाळे टाकत जायची, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर यायचे आणि दोन रांगा मागे मागे सरकत ते ओढायच्या. त्यातल्या एका रांगेच्या शेपटाला मी. खारे पाणी प्यायलेला दोर तळहात सोलून काढायचा. जाळे उथळ पाण्यात आले की तारली उकळत्या भातासारखी उसळायची. मग टोपल्या, वाटे, आरडाओरड. तिथून धावत घरी, दोन तांबे अंगावर, आणि शाळा. बाकावर बसले की फळीचा गारवा तळहातांना लागायचा. दिवसातून माझ्या हातांना मोकळीक मिळायची ती तेवढीच. ग्रीकांचे म्हणणे मला तिथेच पटले होते, शब्द तेवढा ठाऊक नव्हता.

त्या संध्याकाळी फळ्यावरचे सगळे बाबांना सांगितले. जाळ्याची भोके शिवता शिवता म्हणाले, "मगे सरांक सांग, उजवीकडची शाळा कधी भरतली ता आमका आधी कळणा नाय. भरली की जावकच व्हया."

पुढच्याच आठवड्यात बांगडा आला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सर माझ्या नावाशी थांबले.

"काल कुठे होतास?"

"स्कूलमध्ये, सर."

"कुठल्या?"

"उजवीकडच्या."

सरांनी मान डोलावली, चष्मा नाकावर सारखा केला आणि कालच्या चौकटीत गैरहजेरी मांडली.