पार्किंगमधली जाळी

लग्न होऊन सोलापूरहून पुण्यात आले त्याला एकतीस वर्षं झाली, तरी फोनवर अक्काचा पहिला टोमणा ठरलेला. "काय गं, आज काय सोडलंत नदीत?" ती उजनीचं पाणी पिते. आमची मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत जाते आणि भीमा उजनी धरणात. म्हणजे आम्ही सोडू ते अक्काच्या हंड्यात, असा तिचा सरळ हिशोब. मी आपली सांगायचे, अगं, मधे शुद्धीकरण केंद्रं असतात. आपण बेसिनमध्ये ओतलं की पुढचं कोणीतरी बघतं, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी सोसायटीच्या जिन्याला रंग दिला. सहकारनगरातली आमची जुनी इमारत, सोळा फ्लॅट, मागच्या भिंतीपलीकडे आंबिल ओढा. संध्याकाळी रंगाऱ्याने डिस्टेंपरचे ब्रश आणि डबे पार्किंगमधल्या जाळीवर धुतले. मी मागच्या बाल्कनीत कपडे काढत होते. बघते तर ओढ्यात ताक सांडावं तसा पांढरा ओघळ.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला कामाला लावलं. घरात नीळ होती, ती चमचाभर बादलीत कालवली. तो खाली जाळीपाशी, मी वर बाल्कनीत. "ओत!" मी म्हणाले, आणि मनात आकडे मोजायला लागले. दीडशेच्या आत भिंतीखालच्या पाइपातून निळं पाणी ओढ्यात. मग तीच नीळ आमच्या मोरीत ओतली आणि ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून बघितलं. ती तिथे आली, ओढ्यात नाही. (चमचाभर नीळ ओढ्यात गेली, ते पाप माझ्या माथी.)

तर भानगड अशी. इमारतीला दोन लाइनी असतात. मोरी, संडास, बेसिन ड्रेनेजला. पार्किंगची जाळी पावसाळी लाइनला, आणि त्या लाइनला ना गाळणी ना केंद्र. ती पावसाचं पाणी वाहून न्यायला असते, म्हणून सरळ ओढ्यात सोडलेली. तिथून दांडेकर पूल, मग मुठा. खरं तर हे आम्हाला 2019 सालीच कळायला हवं होतं. 25 सप्टेंबरच्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा भिंतीवरून पाणी यायच्या आधी ह्याच जाळीतून उलटं वर उसळलं होतं. तेव्हा जीव वाचवायची घाई. पण नंतरही कोणाच्या डोक्यात आलं नाही, की ओढा जिथून वर येतो तिथूनच आपलं सगळं खाली जात असणार.

आणि काय काय जात होतं! रोज सकाळी चार गाड्यांचा शाम्पूचा फेस. टाकी धुतल्यावरचं ब्लीचिंगचं पाणी. स्कूटरचं काळं ऑइल, तेही आमच्याच ह्यांनी बदललेलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका गणपती पीओपीचा आणतात आणि अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घरीच विरघळवतात. ही युक्ती आपल्या पाषाणच्या एनसीएलची, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, उत्तम आहे. मूर्ती विरघळून खाली चुनखडी बसते, वर उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे चक्क खत. काका ते पाणी कुठे ओतत होते? जाळीत. नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीची गादी पसरते, तिला आणखी काय हवं? आता ते पाणी पातळ करून आमच्या कुंड्यांना जातं.

ड्रेनेजला सोडलं की सुटलो, असंही नाही. दिवाळीनंतर आमचा चेंबर तुंबला. प्लंबरने बांबू घालून पांढरे, साबणासारखे गोळे बाहेर काढले. "काकू, हा कचरा नाही, तेल आहे तुमच्या चकल्यांचं." तळणीचं उरलेलं तेल गरम पाणी आणि साबण सोडून बेसिनमधून घालवायचं, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. गरम असेपर्यंत ते जातं, पुढे पाइपात गार होऊन थिजतं, थरावर थर चढतात. मग चेंबर वर येतो, घाण पार्किंगभर पसरते आणि शेवटी जाते कुठे? पुन्हा त्याच जाळीत. सोळा घरांचं संडासाचं पाणी दोन दिवस थेट ओढ्यात गेलं, त्यात माझ्या चकल्यांचा वाटा होता. तेव्हापासून कढई आधी रद्दीने पुसते, तो कागद ओल्या कचऱ्यात आणि मग कढई घासायला. पावडरही निम्मी लागते. कपड्यांनाही मी चमचा कमी केला, कोणाला फरक कळला नाही.

सासूबाई गेल्यावर उरलेल्या गोळ्या मी कमोडमध्ये टाकल्या होत्या, मुलांच्या हाती नकोत म्हणून. शुद्धीकरण केंद्रात औषधं पुरती निघत नाहीत, हे नंतर वाचलं. आता जुन्या गोळ्या, रंगाचे डबे, सेल ह्यांची वेगळी पिशवी करून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सांगून देते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. निळीची गोष्ट सगळ्यांना आवडली, गाड्या धुणं मात्र थांबेना. "ताई, बादलीभर पाण्याने काय होतंय?" शेवटी पुण्यात जे करतात तेच केलं, पाटी लावली. जाळीच्या वरच्या भिंतीवर ऑइलपेंटमध्ये: "ही जाळी ओढ्यात उघडते. येथे ओतलेले सोलापूरकर पितात."

तीन गाड्या आता ओल्या फडक्याने पुसल्या जातात. चौथे गृहस्थ जाळीपासून चार फूट लांब उभे राहून धुतात आणि पाणी उतारावरून जाळीतच जातं. त्यांचा नियम मोडला जात नाही.

पाटीचा फोटो अक्काला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "पितात काय लिहिलंयस गं? उकळून पितात, असं लिही की."