दुसऱ्या भट्टीचे कर्ज घेण्यापूर्वी वाचलेले आकडे : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या कास्टिंगची फौंड्री आहे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची हौसिंग (बाहेरची कवचे) आणि ट्रक-टिपरचे ब्रेक ड्रम हे आमचे मुख्य काम. २०२४ च्या उत्तरार्धात दुसरी इंडक्शन भट्टी बसवण्याचा विचार पक्का होऊ लागला, तेव्हा मुदत कर्जासाठी बँकेने प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पुढील काही वर्षांच्या अंदाजित उलाढालीसह सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आर्थिक तक्ते) मागितला. अशा तक्त्यांत गेल्या वर्षीच्या उलाढालीवर दरवर्षी ठरावीक टक्के वाढ धरण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि आमच्या सीए साहेबांनी केलेला पहिला मसुदाही तसाच होता. कर्जाचा हप्ता मात्र मंदीतही तेवढाच भरावा लागतो. म्हणून ही वाढ कशाच्या आधारावर धरायची, हे तपासल्याशिवाय तक्त्यावर सही करायची नाही असे मी ठरवले आणि धंद्याची पुढची चाहूल देणारे निर्देशक नीट वाचायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मी आमच्या मालाची साखळी कागदावर मांडली. शेतकरी किंवा वाहतूकदार वाहन घेतो, विक्रेत्याचा साठा कमी होतो, वाहन कंपनी विक्रेत्याला नवा माल पाठवते, मशिनिंग करणाऱ्या पुरवठादाराला शेड्यूल (पुढच्या महिन्यात किती माल हवा त्याची यादी) देते आणि तो आमच्याकडे कास्टिंग मागतो. या साखळीत आम्ही शेपटाला आहोत. मागणी थोडी घटली, तरी वाटेतला प्रत्येक जण आधी आपला साठा उतरवतो आणि त्यामुळे तीच घट आमच्यापर्यंत कितीतरी मोठी होऊन येते. मागणी सुधारते तेव्हा हेच उलट दिशेने घडते. त्यामुळे आमच्या दृष्टीने उपयोगाचा निर्देशक तोच, जो साखळीच्या शेतकऱ्याकडच्या किंवा वाहतूकदाराकडच्या टोकाची हालचाल दाखवतो. गंमत अशी की देशाच्या औद्योगिक उत्पादनाचा आकडा जाहीर होण्यापूर्वीच पुढच्या महिन्याचे शेड्यूल आमच्या टेबलावर असते; म्हणजे देशासाठी ताजी असलेली बातमी आमच्यासाठी जुनी असू शकते.

या दृष्टीने मी २०१८-१९ चा काळ पुन्हा वाचून काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची कारखान्यांतून विक्रेत्यांकडे होणारी रवानगी वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ३१.६ टक्क्यांनी घसरली, तेव्हा मंदीची बातमी घरोघरी पोहोचली. पण जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या धुऱ्यावरील (अॅक्सलवरील) भाराची अनुज्ञेय मर्यादा वाढवली होती आणि त्यामुळे रस्त्यावर असलेल्याच ट्रकांची वहनक्षमता वाढली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या मोठ्या वित्त कंपनीने कर्जफेड चुकवल्यानंतर बिगरबँक वित्त कंपन्यांकडे पैशाची टंचाई झाली, आणि आपल्याकडे जुना ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी यांना कर्ज देणाऱ्या बहुतेक याच कंपन्या. दोन्ही खुणा जवळजवळ वर्षभर आधी उघडपणे दिसत होत्या. त्या कोणत्याही निर्देशांकात नव्हत्या, एक नियमात होती आणि दुसरी पतपुरवठ्यात. तेव्हापासून कर्जाची उपलब्धता आणि नियमांतील बदल यांना मी माझ्या यादीत सर्वांत वर ठेवले.

त्यानंतर पीएमआय, म्हणजे खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक. वर्तमानपत्रांत सर्वाधिक जागा याच आकड्याला मिळते आणि कारणही योग्य आहे : मॅन्युफॅक्चरिंगचा पीएमआय महिना संपल्यानंतर पहिल्याच कामकाजाच्या दिवशी येतो. भारतात हे सर्वेक्षण एस अँड पी ग्लोबल करते आणि ते एचएसबीसीच्या नावाने प्रसिद्ध होते. सुमारे ४०० कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारले जाते की, गेल्या महिन्यापेक्षा परिस्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली. शिरोलीतल्या शंभर कारखान्यांपैकी ३० म्हणाले सुधारली, ५० म्हणाले तशीच आणि २० म्हणाले बिघडली, तर ३० मध्ये ५० चे निम्मे मिळवून ५५ हा आकडा येतो. ५० च्या वर विस्तार, खाली आकुंचन. एकूण निर्देशांकात नव्या ऑर्डरींना ३० टक्के, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, पुरवठादारांच्या वेळेला १५ आणि खरेदी केलेल्या मालाच्या साठ्याला १० टक्के भारांक असतो.

हे गणित समजल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे पीएमआय सुधारणा किती कारखान्यांत झाली ते सांगतो, किती मोठी झाली ते सांगत नाही. दुसरी म्हणजे शीर्षकातल्या आकड्यापेक्षा नव्या ऑर्डरींचा उपनिर्देशांक माझ्या कामाचा आहे. पुरवठादारांच्या वेळेचा घटक तर फसवूही शकतो : मालाला उशीर होणे ही सामान्य काळात मागणी वाढल्याची खूण मानली जाते, पण कोरोनाच्या काळात टाळेबंदीमुळे माल अडकला, तरी जगभर या घटकाने निर्देशांकाला आधारच दिला होता.

याची कसोटी माझ्या डोळ्यांसमोरच लागली. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएमआय अनुक्रमे ५८.१, ५७.५ आणि ५६.५ होता. कोणीही म्हणेल की कारखाने जोरात आहेत. २९ नोव्हेंबरला त्याच तिमाहीचे जीडीपीचे आकडे आले, तेव्हा पहिल्या अंदाजानुसार वाढ ५.४ टक्के होती आणि मॅन्युफॅक्चरिंगची वाढ केवळ २.२ टक्के. यातून पीएमआय निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मी काढला नाही. जीडीपीत कंपन्यांच्या नफ्यावर आधारित मूल्यवर्धन मोजले जाते, पीएमआयमध्ये हालचालीची दिशा. आणि ती दिशादेखील ५८.१ वरून ५६.५ कडे, म्हणजे उतरतीच होती. पातळीपेक्षा उतार-चढाव पाहावा, हे त्या तिमाहीने मला पटवून दिले.

औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकाबद्दल थोडक्यात सांगते. तेव्हा तो महिना संपल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी येत असे. एप्रिल २०२५ पासून तो पुढच्या महिन्याच्या २८ तारखेला येऊ लागला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तो पहिल्या अंदाजानुसार ०.१ टक्क्याने घसरला होता, पण घसरण प्रामुख्याने खाणकाम आणि वीज या दोन विभागांत होती आणि त्यामागे त्या महिन्याचा भरपूर पाऊस होता. आमच्या ट्रॅक्टरच्या कामासाठी तोच पाऊस पुढच्या हंगामाची चांगली बातमी होती. एकूण आकडा पाहून मन खट्टू करून घेण्यापेक्षा तो कोणत्या विभागामुळे हलला हे पाहणे भाग आहे.

ट्रॅक्टरची खरी चाहूल पावसात, धरणांतल्या साठ्यात आणि पेरणीत असते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के झाला आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या आर्थिक वर्षात देशात कंपन्यांकडून विक्रेत्यांकडे होणारी ट्रॅक्टरची रवानगी घटली आणि आमच्या हौसिंगची शेड्यूलही उतरली. २०२४ मध्ये हवामान विभागाने एप्रिलमध्ये १०६ टक्क्यांचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस झाला. केंद्रीय जल आयोगाच्या साप्ताहिक पत्रकात धरणे भरलेली दिसत होती. धरणे भरली म्हणजे रब्बी चांगली, रब्बी चांगली म्हणजे मार्चनंतर ट्रॅक्टरची मागणी. हा क्रम आमच्या भागातल्या कोणत्याही विक्रेत्याला तोंडपाठ आहे. मी फक्त त्यातील प्रत्येक पायरीसमोर तारखेसह आकडा लिहिला.

टिपरचे चित्र उलट होते. टिपर रस्ते, खाणी आणि बांधकामांवर चालतात आणि त्यांची मागणी सरकारच्या भांडवली खर्चाशी बांधलेली असते. केंद्राचा जमाखर्च मांडणारे महालेखा नियंत्रकांचे मासिक हिशेब महिनाअखेरीस प्रसिद्ध होतात. उद्योजकांपैकी फारच थोडे जण ते उघडून पाहतात याचे मला नवल वाटते. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या सहा महिन्यांत केंद्राने वर्षाच्या ११.११ लाख कोटी रुपयांच्या भांडवली तरतुदीपैकी सुमारे ३७ टक्केच खर्च केले होते, जेव्हा आदल्या वर्षी याच काळात सुमारे ४९ टक्के खर्च झाला होता. लोकसभा निवडणुकीमुळे कामे रखडली होती. म्हणून ब्रेक ड्रमच्या ओळीत मी २०२४-२५ साठी वाढ शून्य धरली.

वाहनविक्रीचे आकडे वाचताना सर्वाधिक काळजी लागते, कारण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी छापल्या जातात. शेअर बाजारात सूचीबद्ध वाहन कंपन्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जो आकडा देतात, तो विक्रेत्याकडे पाठवलेल्या मालाचा असतो. विक्रेत्यांची संघटना फाडा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरील नोंदणीवरून जो आकडा देते, तो ग्राहकाच्या दारात गेलेल्या वाहनांचा. या दोहोंतील फरक विक्रेत्याच्या आवारात उभा असतो. सप्टेंबर २०२४ च्या आकड्यांसोबत फाडाने प्रवासी वाहनांचा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतका असल्याचे सांगितले. आम्ही मोटारींचे काम करत नाही, पण वसाहतीतल्या ज्यांचे काम त्यावर आहे त्यांच्यासाठी ही कंपनीच्या पत्रापेक्षा आधी आलेली सूचना होती.

वर्षाशी वर्ष ताडताना सणाच्या तारखाही पाहाव्या लागतात. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर आले. फक्त ऑक्टोबरची तुलना फक्त ऑक्टोबरशी केली, तर विक्री एकदम उसळलेली दिसते आणि नोव्हेंबरात कोसळलेली. पितृपक्ष कोणत्या महिन्यात पडला यानेही असेच होते. मी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र धरूनच तक्ता केला.

रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणांपैकी ऑर्डरी, साठा आणि क्षमतावापराचे त्रैमासिक सर्वेक्षण मला सर्वांत मोलाचे वाटले. त्यानुसार २०२३-२४ च्या शेवटच्या तिमाहीत मॅन्युफॅक्चरिंगचा क्षमतावापर ७६.८ टक्के होता, पुढच्या तिमाहीत तो ७४ टक्क्यांवर आला. कारखान्याची क्षमता भरत आली की माणूस नवे यंत्र घेतो. ती पुन्हा मोकळी होत असेल, तर यंत्रपुरवठादाराशी दराबाबत बोलायला वाव असतो, आणि आम्ही तो वाव वापरला. अमेरिकेच्या निर्देशकांकडे मी फक्त सावधगिरीसाठी पाहिले. तिथे दोन वर्षांच्या रोख्यांचा परतावा जुलै २०२२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षा जास्त राहिला (ही मंदीची पूर्वखूण मानली जाते), कॉन्फरन्स बोर्ड या संस्थेचा अग्रनिर्देशांकही दीर्घकाळ घसरत होता, आणि तरीही त्या काळात भाकीत केलेली मंदी आली नाही. दशकानुदशके खरी ठरलेली खूण एखाद्या वेळी चुकू शकते, म्हणून कोणत्याही एकाच आकड्यावर कर्ज बेतायचे नाही.

हे सारे मांडल्यावर तक्त्यातली एकच सरधोपट वाढ गेली आणि दोन वेगळ्या ओळी आल्या : हौसिंगची वाढती, ड्रमची स्थिर. बँकेच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक ओळीचा आधार विचारला आणि कमी उलाढाल का दाखवली, असाही प्रश्न केला. महालेखा नियंत्रकांचा तक्ता समोर ठेवल्यावर तो प्रश्न मिटला. कर्ज आम्ही दोन टप्प्यांत मागितले. पहिल्या टप्प्यात शेड, पाया आणि महावितरणकडील वाढीव वीजभाराची मंजुरी, कारण याला वेळ लागतोच. भट्टीची ऑर्डर दुसऱ्या टप्प्यात. ती देण्यासाठी आम्ही घरच्यांनी मिळून अटी लिहून काढल्या : फाडाच्या ट्रॅक्टर नोंदणीत सलग वाढ, आमच्या दोन मुख्य ग्राहकांच्या पक्क्या शेड्यूलमध्ये वाढ, आणि व्याजदराचा कल खाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के झाला, एप्रिलमध्ये ६ आणि जूनमध्ये ५.५०. हौसिंगची शेड्यूल वाढली आणि पावसाळ्याचा अंदाजही चांगला होता, म्हणून भट्टीची ऑर्डर आम्ही त्या उन्हाळ्यात दिली. त्यानंतर १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटीतील बदलांचे सूतोवाच केले आणि २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्के, तर ट्रकवरील २८ वरून १८ टक्के झाला. मधल्या आठवड्यांत ग्राहक थांबले आणि नवरात्रात एकदम आले, त्यामुळे त्या सप्टेंबरचा एकटा आकडा मी तक्त्यात घेतलाच नाही. फाडाने दिलेला सणाच्या ४२ दिवसांचा एकत्रित आकडा घेतला. ब्रेक ड्रमच्या ओळीत शून्याऐवजी वाढ लिहायची की नाही, हे मात्र मी महालेखा नियंत्रकांचे पुढचे हिशेब आणि ट्रकची नोंदणी पाहूनच ठरवणार आहे, कारण कर कमी झाल्याने लवकर झालेली खरेदी आणि काम वाढल्याने झालेली खरेदी या दोन्ही पहिल्या काही महिन्यांत सारख्याच दिसतात.