झिंगनच्या धुक्यात, मिंग स्मिथ यांच्या मागावर

झ्युरिकहून श्टुटगार्टला जाणारी गाडी तासाभरात झिंगनला पोचते. ऱ्हाइनचा धबधबा बघणारे आधीच शाफहाउजनला उतरतात आणि पुढे डबा जवळजवळ रिकामा होतो. झिंगनमध्ये होहेनट्वील नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, त्यावर पडका किल्ला आहे आणि गावात मॅगीचा जुना कारखाना. किल्ला सकाळी उरकला. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दुपारचं खाणं स्टेशनवरच. या गावाला रविवारी येऊ नये.

मला ओढ होती ती तिथल्या संध्याकाळची. मिंग स्मिथ यांनी १९८९ साली या गावात व्हॅन गॉगला उद्देशून एक फोटो काढला. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या कामोइंगे या गटातल्या त्या पहिल्या स्त्री. १९७९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे फोटो विकत घेतले, तोवर कुठल्याही कृष्णवर्णीय स्त्री छायाचित्रकाराचं काम त्या संग्रहात नव्हतं. जॅझ सॅक्सोफोनवादक डेव्हिड मरे त्यांचे तेव्हाचे पती. मरे यांच्या मैफलींच्या निमित्ताने स्मिथ युरोपभर हिंडल्या. फ्लॅश नाही, शटर मंद म्हणजे जास्त वेळ उघडं, कॅमेरा हातात. १९७८ सालच्या स्मिथ यांच्या फोटोत चमचमत्या झग्यातला जॅझ संगीतकार सन रा अक्षरशः उजेडात विरघळतोय. असे फोटो ‘हललेले’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यात किती हिशेब आहे, हे असा एक फोटो काढू पाहिल्यावर कळतं.

नोव्हेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पथदिवे लागलेत आणि आभाळात अजून निळा उजेड आहे, अशी वीस-पंचवीस मिनिटंच कामाची. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता) कृष्णधवल फिल्म, भिंगाचं छिद्र एफ २.८, शटर १/८ सेकंद. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा-दीड मीटर जातो. म्हणजे १/८ सेकंदात सतरा-अठरा सेंटिमीटर. कोटाची कड विरते, माणूस राहतो. अर्ध्या सेकंदाला त्याचा नुसता पट्टा उरतो आणि दोन सेकंदांत तो जवळपास नाहीसाच होतो. चौकटीत एक तरी गोष्ट स्थिर हवी: खांब, दार, खिडकी. त्यासाठी कोपर भिंतीला टेकवायचं, श्वास सोडून झाला की बटण दाबायचं. सगळंच हललं तर डोळ्याला धरायला काही उरत नाही. जॅझमध्ये बास आणि ड्रम ठेका धरून ठेवतात म्हणून सॅक्सोफोन मोकळा सुटतो. खांबाचं काम तेच.

धुकं कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतं. दिवा चौकटीत आला की मीटर उजेड जास्त समजतो आणि माणसं काळी ठिक्कर येतात. दिव्याखालच्या फरशीवर मोजणी घ्यावी आणि तीच कायम ठेवावी. शिवाय जर्मनीत ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करायचा तर सहसा त्या माणसाची संमती लागते, म्हणून पाठमोरी माणसं बरी.

रात्री जॅझ ऐकायला क्लबात शिरताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास तसाच ठेवावा. थंडीतून उबेत आणून लगेच उघडला तर काचेवर बाष्प धरतं आणि पहिली दोन-तीन गाणी पुसण्यात जातात. आत तीच फिल्म १६०० आयएसओची आहे असं धरून चालवायची आणि नंतर ती धुताना डेव्हलपर या रसायनातला वेळ वाढवायचा. उजळ भाग उचलले जातात, सावल्या मात्र काळ्याच राहतात. जो प्रकाश फिल्मवर पडलाच नाही, तो रसायन कुठून आणणार? डिजिटल कॅमेऱ्यावर एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे उमटतात. युरोपात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की पट्टे बहुधा जातात. बासचा एकल तुकडा चालू असताना शटर वाजवू नये. माझ्या शेजारच्याने वाजवलं आणि पुढची अख्खी रांग वळून बघत राहिली. त्यांचं बरोबरच होतं.

परतताना विमानतळावर फिल्म हाताने तपासून घ्या. सामान क्ष-किरणांनी तपासणारी नवी सीटी यंत्रं ४००च्या फिल्मवरही धूसर थर चढवू शकतात, आणि १६००वर वाढवलेल्या फिल्मवर तो जास्त दिसतो. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत घालावेत, रांगेत उभं राहायच्या आधीच.